पार-१ जनुकाचा इतिहास : सूत्रकृमीच्या भ्रूणापासून मानवी स्मृतिभ्रंशापर्यंत

प्रस्तावना :

विज्ञानातील शोधाची कथा बहुधा तिच्या शेवटाकडून सांगितली जाते. आज एखाद्या जनुकाचा संबंध मेंदूच्या आजाराशी जोडला जात असेल, तर त्या जनुकाचा शोध जणू त्या आजारासाठीच घेतला गेला होता, असे वाचकाला वाटू लागते. मधली वळणे गळून पडतात, चुकलेल्या वाटा विस्मरणात जातात आणि उरते ती एक सरळ रेषा. पेशीची ध्रुवीयता ठरविणाऱ्या ‘पार-१’ या जनुकाचा इतिहास या समजुतीची कसोटी पाहणारा आहे. हे जनुक प्रथम सापडले ते जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीच्या भ्रूणात. आणि ज्यांनी ते शोधले त्यांना मेंदूविषयी काहीही विचारायचे नव्हते. दुसरीकडे, ज्यांना स्मृतिभ्रंशाचे रहस्य उलगडायचे होते त्यांना सूत्रकृमीशी कर्तव्य नव्हते. दोघेही आपापल्या वाटेने चालत एकाच प्रथिनापाशी येऊन पोहोचले. ही भेट कशी घडली आणि तिच्यातून जे निष्कर्ष काढले गेले ते पुराव्याला कितपत धरून आहेत, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

ध्रुवीयता म्हणजे काय, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. पेशी म्हणजे सर्व बाजूंनी सारखी असलेली पिशवी नव्हे. आतड्याच्या अस्तरातील पेशीला अन्नाकडील एक बाजू असते व रक्ताकडील दुसरी. अंड्याला एक टोक असते आणि दुसरे टोक. पेशीच्या दोन टोकांमध्ये घडणीचा व कार्याचा असा जो भेद असतो, त्यास ध्रुवीयता म्हणतात. चेतापेशीत तर हा भेद पराकोटीला पोहोचतो. तिच्या अंगाला फुटलेल्या आखूड, फांद्यांसारख्या वृक्षिका संदेश स्वीकारतात आणि एकुलता एक लांब अक्षतंतू तो पुढे पाठवितो. हा भेद पुसला गेला तर मज्जासंस्थेतील संदेशाला दिशाच राहणार नाही.

एक शब्द, दोन परंपरा :

चेतापेशीला दिशा असते, हे प्रथम ठामपणे सांगितले ते स्पॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी. इटालियन वैद्यक कॅमिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या रौप्यरंजनाच्या पद्धतीने काहाल यांनी मेंदूतील पेशी एकेक करून पाहिल्या, त्यांची चित्रे काढली. १८९१ च्या सुमारास त्यांनी ‘गतिमान ध्रुवीकरणाचा नियम’ मांडला. संदेश वृक्षिकांकडून पेशीकायेकडे व तेथून अक्षतंतूकडे वाहतो, असे त्याचे सार होय. बेल्जियमचे व्हान गेहुख्तेन हेही त्याच सुमारास याच विचारापर्यंत आले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. काहाल यांच्यासमोर होत्या त्या मृत, रंगविलेल्या, स्थिर पेशी. त्यांच्या आकारावरून त्यांनी प्रवाहाची दिशा ताडली. अनुमान म्हणून ते असामान्य होते. तथापि पेशी ही दिशा कशी ठरविते, याचे उत्तर त्यात नव्हते आणि त्या काळी ते असणेही शक्य नव्हते.

भ्रूणशास्त्रातही ‘ध्रुवीयता’ हा शब्द याच काळात रुजत होता. परंतु तेथे त्याचा संबंध अंड्याशी होता. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९०१ मध्ये समुद्री साळूच्या अंड्याच्या ध्रुवीयतेवर स्वतंत्र निबंधच लिहिला. अंड्यातील पेशीद्रव सर्वत्र सारखे नसते आणि कोणत्या वाट्याला कोणता भाग येतो यावर पुढील पेशींचे भवितव्य अवलंबून असते, हा विचार त्या पिढीने रुजविला. काहाल आणि बोव्हेरी एकच शब्द वापरत होते. तो एकाच यंत्रणेला लागू पडेल, असे मानायला मात्र दोघांपैकी कोणाकडेही आधार नव्हता.

१९०६ या वर्षी या कथेतील तिसरे पात्र अवतरते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे भरलेल्या मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत आलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्री रुग्णाची हकीकत सादर केली. १९०१ मध्ये ती फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली तेव्हा तिचे वय ५१ होते. स्मृती ढासळत गेली आणि एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या मेंदूच्या रौप्यरंजित छेदांत अल्झायमर यांना पेशींबाहेर साचलेले थर दिसले आणि पेशींच्या आत जाड तंतूंचे गुंते दिसले. अनेक ठिकाणी पेशी नाहीशी झाली होती. उरला होता तो केवळ गुंता. सभेत या निवेदनावर फारशी चर्चा झाली नाही. त्यानंतर महिन्याभराने, डिसेंबर १९०६ मध्ये, गोल्जी आणि काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले आणि गोल्जी यांनी आपल्या व्याख्यानात काहाल यांच्या चेतापेशी-सिद्धांतावरच टीका केली. चेतापेशी स्वतंत्र असते की नाही हा वाद पारितोषिकाच्या व्यासपीठावर चालू असताना तिच्या आतील गुंत्याकडे लक्ष द्यायला सवड कोणाला असणार!

इ. स. १९८८ :

यानंतरची ऐंशी वर्षे येथे थोडक्यात आटोपता येतील. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गुंत्यातील तंतू एकमेकांभोवती पीळ घातलेल्या जोडीसारखे दिसले. १९७५ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात एक प्रथिन वेगळे करण्यात आले व त्याला ‘टाऊ’ हे ग्रीक अक्षराचे नाव मिळाले. चेतापेशीत सूक्ष्मनलिकांचे जाळे असते. पेशीचा सांगाडा तोच आणि मालवाहतुकीचे रूळही तेच. या नलिका जुळविणे व टिकविणे हे टाऊचे काम. त्याचा स्मृतिभ्रंशाशी काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. १९८५-८६ मध्ये मात्र ब्रुसेल्स, न्यूयॉर्क आदी ठिकाणच्या संशोधकांना अल्झायमरच्या गुंत्यांत टाऊच आढळले आणि त्यावर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर जोडले गेल्याचे दिसले.

आणि मग १९८८ हे वर्ष येते. या एका वर्षात तीन निबंध प्रसिद्ध झाले. केंब्रिज येथे मिशेल गोडर्ट, क्लॉड विशिक, एरन क्लूग व सहकाऱ्यांनी पिळाच्या तंतूंच्या गाभ्यात टाऊ प्रथिन आहे, हे त्याच्या जनुकीय प्रतीचा अनुक्रम वाचून सिद्ध केले. कार्लोस डॉटी, सुलिव्हन व गॅरी बँकर यांनी उंदराच्या भ्रूणातील हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशी काचेच्या बशीत वाढविल्या आणि त्या आपली ध्रुवीयता कशी मिळवितात हे टप्प्याटप्प्याने नोंदविले. तिसरा निबंध ‘सेल’ या नियतकालिकात आला. त्यात कॉर्नेल विद्यापीठातील केनेथ केम्फ्यूज, जेम्स प्रीस व सहकाऱ्यांनी सूत्रकृमीच्या भ्रूणातील ‘पार’ जनुकांची ओळख करून दिली.

हे तीन निबंध तीन वेगळ्या वाचकवर्गांसाठी होते. एक चेताविकृतिशास्त्राचा, दुसरा चेतापेशींच्या संवर्धनाचा, तिसरा विकासाच्या अनुवंशशास्त्राचा. पुढे सोळा वर्षांच्या आत या तिन्ही वाटा एकमेकींना छेदणार होत्या; परंतु त्या वर्षी तिन्ही निबंध शेजारी ठेवून वाचण्याचे कारण कोणालाही नव्हते. इतिहासकाराला आज ते शेजारी ठेवता येतात, हाच त्याचा लाभ आणि हाच त्याच्या पुढ्यातील मोह. कारण शेजारी ठेवले की ते एकमेकांसाठीच लिहिले गेले होते असे भासू लागते.

बँकर यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षण विशेष बोलके होते. बशीत टाकलेल्या पेशीला प्रथम चार-पाच आखूड फाटे फुटतात. ते सर्व सारखेच असतात. त्यांपैकी कोणता अक्षतंतू होणार हे पाहून सांगता येत नाही. साधारण दीड दिवसाने त्यांतील एक अचानक वेगाने वाढू लागतो, तो अक्षतंतू होतो. बाकीचे मागे राहतात आणि यथावकाश वृक्षिका बनतात. त्याआधी १९८७ मध्ये डॉटी व बँकर यांनी नवा अक्षतंतू मुळाजवळ कापून पाहिला होता, तेव्हा दुसऱ्याच एका फाट्याने त्याची जागा घेतली. म्हणजे काहाल यांनी पाहिलेला भेद जन्मजात नव्हता. तो पेशीच्या आत निवड होऊन ठरत होता. निवड कोण करतो, हा प्रश्न आता प्रयोगाच्या कक्षेत आला.

सूत्रकृमीच्या अंड्यातील वाटणी :

सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या अनुवंशशास्त्राचा पाया घातला, तो मज्जासंस्था समजून घेण्यासाठीच. त्याच्या उभयलिंगी प्रौढात ९५९ कायिक पेशी असतात व त्यांपैकी ३०२ चेतापेशी. तथापि केम्फ्यूज यांनी हा प्राणी निवडला तो वेगळ्या हेतूने. त्याचे फलित अंडे पारदर्शक असते आणि त्याचे पहिले विभाजन असमान होते. पुढची पेशी मोठी, मागची लहान. पेशीद्रवातील काही विशिष्ट कण, ज्यांचा वाटा पुढे जननपेशींकडे जातो, ते विभाजनापूर्वीच मागच्या टोकाला गोळा होतात. अंड्याला आपले मागचे टोक कोणते हे कसे कळते?

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी केम्फ्यूज यांनी अशी उत्परिवर्तने शोधली की ज्यांत माता निरोगी असते, पण तिच्या अंड्यांतून जीव जन्मत नाही. अंडे तयार होताना मातेने त्यात घातलेली शिदोरीच सदोष असल्याने भ्रूण मरतो. अशा अंड्यांचे पहिले विभाजन समसमान होत होते आणि ते कण सर्वत्र पसरलेले राहत होते. वाटणी बिघडली होती, म्हणून वाटणीतील दोषाच्या इंग्रजी नावावरून या जनुकांना ‘पार’ असे संक्षिप्त नाव देण्यात आले. १९८८ च्या निबंधात अशी चार जनुके होती. पुढे त्यांची संख्या सहा झाली.

पार-१ हे जनुक नेमके कोणते प्रथिन घडविते हे १९९५ मध्ये सू ग्वो व केम्फ्यूज यांनी दाखविले. ते प्रथिन कायनेज वर्गातील निघाले. इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा गट जोडणारे विकर म्हणजे कायनेज. शिवाय हे प्रथिन स्वतःच अंड्याच्या मागच्या अर्ध्या भागाच्या कडेला गोळा झालेले होते. ज्याने वाटणी करायची तोच एका बाजूला बसलेला, अशी ही स्थिती. पार-३ हे दुसरे प्रथिन पुढच्या बाजूला आढळले. ही दोन टोळकी एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत, आणि त्या परस्परविरोधातूनच अंड्याच्या दोन बाजू ठरतात, हे चित्र त्यानंतरच्या दशकात स्पष्ट होत गेले.

ग्वो व केम्फ्यूज यांच्या या निबंधातील एक उपकथा सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. आपण शोधलेले जनुक पार-१ च आहे याची खात्री करण्यासाठी त्यांनी त्याच्या संदेशाला विरोधी असा आरएनए कृमीत टोचला. अपेक्षेप्रमाणे भ्रूण बिघडले. तुलनेसाठी म्हणून त्यांनी विरोधी नसलेला, म्हणजे ज्याचा काहीच परिणाम होऊ नये असा आरएनएही टोचला. आणि भ्रूण तसेच बिघडले. हे कोडे त्यांना सुटले नाही, परंतु त्यांनी ते लपविलेही नाही. निबंधात नोंदवून ठेवले. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर, क्रेग मेलो व सहकाऱ्यांनी दुपदरी आरएनए जनुकाला गप्प करतो हे दाखविले तेव्हा त्या नोंदीचा अर्थ लागला आणि २००६ मध्ये फायर व मेलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नियंत्रण-प्रयोगातील नको असलेले निष्पन्न प्रामाणिकपणे छापले गेले नसते, तर त्या शोधाला एक महत्त्वाचा दुवा कमी पडला असता. आज महाविद्यालयीन प्रयोगवह्यांत ‘अपेक्षित निष्कर्ष’ आधी लिहून मग निरीक्षणे भरण्याची जी पद्धत दिसते, तिच्या पार्श्वभूमीवर ही नोंद अधिकच उठून दिसते.

हॅम्बुर्ग येथील शोध :

आता दुसरी वाट. हॅम्बुर्ग येथे एव्हा-मारिया व एकहार्ड मांडेलको यांच्या प्रयोगशाळेत टाऊवर काम चालू होते. मानवी मेंदूतील सर्वांत लांब टाऊ ४४१ अमिनो आम्लांचे असते व त्यावर फॉस्फेट जोडता येतील अशा अनेक जागा असतात. आजारात यांपैकी कोणती जागा महत्त्वाची? १९९३ मध्ये याच प्रयोगशाळेतून बिएर्नात व सहकाऱ्यांनी दाखविले की २६२ व्या क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट जोडला गेला की टाऊची सूक्ष्मनलिकेवरील पकड मोठ्या प्रमाणात सुटते. इतर अनेक जागांवर फॉस्फेट असूनही पकड तितकी सैल होत नाही. ही एक जागा जणू दाराची कडी होती.

मग ही कडी काढणारे विकर शोधणे क्रमप्राप्तच होते. १९९५ मध्ये गेरार्ड ड्रेव्हेस व सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतीतून ते वेगळे केले आणि सूक्ष्मनलिकांच्या ओढीचे नियमन करणारे म्हणून त्याला ‘मार्क’ असे नाव दिले. १९९७ मध्ये त्याच्या जनुकाचा अनुक्रम ‘सेल’ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुक्रम हाती आल्यावर तो ज्ञात अनुक्रमांशी ताडून पाहिला जातो, ही रूढ रीत. तशी तुलना केली असता सूत्रकृमीचे पार-१ आणि सस्तन प्राण्यांचे मार्क ही एकाच कुळातील प्रथिने असल्याचे दिसून आले.

येथे दोन्ही वाटा मिळाल्या. ही भेट कोणी ठरवून घडविली नव्हती. दोन्ही गटांनी आपापल्या प्रश्नाला साजेसे नाव दिले होते. एकाने भ्रूणातील वाटणीचे, दुसऱ्याने सूक्ष्मनलिकेवरील परिणामाचे. नावांमुळे काय झाकले जाते, याचा हा उत्तम नमुना होय. आजही भ्रूणशास्त्रज्ञ पार-१ म्हणतात, चेताशास्त्रज्ञ मार्क म्हणतात. आणि विद्यार्थ्याला ती दोन भिन्न प्रथिने वाटतात. कृमीत जेथे एक जनुक आहे तेथे मानवात मार्क-१ ते मार्क-४ अशी चार आहेत, ही गोष्ट पुढे बरीच अडचणीची ठरली.

अंड्यातील यंत्रणा चेतापेशीतही :

एकदा नाते जुळल्यावर प्रश्न साहजिकच उभा राहिला. अंड्याचे टोक ठरविणारी प्रथिनेच चेतापेशीचा अक्षतंतूही ठरवितात काय? २००३ मध्ये शी व जान दांपत्याने दाखविले की बशीतील चेतापेशीत पार-३ व पार-६ यांची सस्तन प्राण्यांतील रूपे भावी अक्षतंतूच्या टोकाशी गोळा होतात. काहाल आणि बोव्हेरी यांचा एकच शब्द शतकानंतर एकाच यंत्रणेला लागू पडला, असे वाटण्याजोगा तो क्षण होता. परंतु पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, रोल्स व क्रिस डो यांनी फळमाशीत हीच प्रथिने काढून टाकली. तरी माशीच्या मेंदूत अक्षतंतू व वृक्षिका व्यवस्थित घडल्या. बशीतील पेशी आणि जिवंत प्राण्यातील पेशी यांत फरक असतो, हे भान या विषयात तेव्हापासून अधिक जागे झाले.

पार-१/मार्कच्या बाबतीतही चित्र एकसारखे नव्हते. २००२ मध्ये मांडेलको गटाने चेतापेशीसदृश पेशींत मार्क दाबले असता फाटे फुटणेच थांबते असे नोंदविले. २००६ मध्ये चिनी संशोधकांनी हिप्पोकॅम्पसच्या पेशींत मार्क-२ कमी केले, तर एकाऐवजी अनेक अक्षतंतू फुटले. आणि ते वाढविले, तर अक्षतंतू घडेनासा झाला. या दोन निरीक्षणांचा मेळ घालणे अशक्य नाही. सूक्ष्मनलिका फार सैल झाल्या तरी फाटा वाढत नाही आणि फार घट्ट राहिल्या तरी नाही. मात्र त्यावरून ‘हे जनुक अक्षतंतू बनविते’ असे सोपे वाक्य लिहिता येणार नाही, एवढे निश्चित.

याच सुमारास पार-४ च्या मानवी रूपाचीही कथा पुढे सरकली. ‘एलकेबी-१’ या नावाने ते १९९८ पासून ज्ञात होते, कारण त्यातील दोष आतड्यात गाठी निर्माण करणाऱ्या व कर्करोगाचा धोका वाढविणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे कारण होता. २००४ मध्ये सिद्ध झाले की हे विकर मार्कसह तेरा कायनेजांना कार्यान्वित करते आणि २००७ मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी ते अक्षतंतूच्या निर्मितीस आवश्यक असल्याचे दाखविले. सूत्रकृमीच्या अंड्यातील सहापैकी एक जनुक अशा रीतीने कर्करोगतज्ज्ञांच्या हाती लागले, दुसरे स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासकांच्या.

माशीच्या डोळ्यातील पुरावा :

पार-१ चा आजाराशी असलेला संबंध केवळ शक्यतेच्या पातळीवर राहिला असता. परंतु २००४ मध्ये निशिमुरा, यांग व बिंगवेई लू यांचा निबंध ‘सेल’ मध्ये आला. त्याआधी १९९८ मध्ये एक मोठा अडसर दूर झाला होता. टाऊच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे काही कुटुंबांत अल्झायमरहून वेगळा असा एक स्मृतिभ्रंश होतो, हे सिद्ध झाल्याने टाऊतील बिघाड एकटाही मेंदूचा नाश करू शकतो, ही बाब निर्विवाद ठरली होती. मानवी टाऊ फळमाशीत घातले की तिच्या चेतापेशी मरतात, डोळ्याची नियमित जाळी विस्कटते. आणि डोळा सूक्ष्मदर्शकाखाली सहज तपासता येतो.

लू यांच्या गटाने दाखविले की माशीचे पार-१ टाऊच्या २६२ व ३५६ या जागांवर फॉस्फेट जोडते आणि ते झाल्याखेरीज इतर कायनेजांना आपापल्या जागांवर काम करता येत नाही. या दोन जागा बदलून टाकल्या तर टाऊचा विषारीपणा बराच ओसरतो. नंतरच्या टप्प्यातील एखादी जागा बदलून तितका फरक पडत नाही. म्हणजे पार-१ हे साखळीतील पहिली कडी ठरले. २००० मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूंतील गुंत्यांना चिकटून मार्क असल्याचे दिसले होते. त्या निरीक्षणाला आता कार्यकारणाचा आधार मिळाल्यासारखे झाले.

तथापि याच प्रथिनाच्या विरोधी बाजूची साक्ष आधीच नोंदलेली होती, आणि तीही मांडेलको यांच्याच प्रयोगशाळेतून. १९९९ मध्ये श्नायडर व सहकाऱ्यांनी दाखविले की २६२ व २१४ या जागांवर फॉस्फेट असलेले टाऊ सूक्ष्मनलिकेवरून सुटते खरे, पण ते परीक्षानळीत गुंत्याचे तंतूही सहजासहजी बनवीत नाही. जो बदल टाऊला रुळावरून उतरवितो तोच त्याला गुंता होण्यापासून वाचवितो! या दोन निष्कर्षांमुळे एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला. मारक काय आहे, गुंता की गुंता होण्यापूर्वीचे सुटे टाऊ? अल्झायमर यांनी १९०६ मध्ये जो गुंता पाहिला तो पेशीच्या मृत्यूचे कारण होता की तिच्या समाधीवरचा दगड, हे केवळ पाहून ठरत नाही. लू यांचा निबंध अनेकदा उद्धृत होतो. श्नायडर यांचा त्या मानाने कमी. हा असमतोल केवळ योगायोगाचा मानता येत नाही. माशीच्या निबंधाने उपचाराचे लक्ष्य सुचविले होते. परीक्षानळीच्या निबंधाने अडचण सांगितली होती, आणि अडचणींना उद्धृत करणारे नेहमीच थोडे असतात.

ध्रुवीयतेकडे पुनरागमन :

२०१० मध्ये मांडेलको गटानेच केलेल्या एका निरीक्षणाने या चर्चेत ध्रुवीयतेचा मूळ अर्थ परत आणला. निरोगी चेतापेशीत टाऊ मुख्यतः अक्षतंतूत असते. संवर्धित पेशींवर अल्झायमरशी निगडित अमायलॉइड प्रथिनाचे लहान समूह सोडले असता टाऊ वृक्षिकांत शिरले, तेथे त्याच्या २६२ व्या जागेवर फॉस्फेट दिसू लागला आणि त्या भागातील सूक्ष्मनलिका व संदेशग्राही काटे नष्ट झाले. अक्षतंतूचे प्रथिन वृक्षिकेत येणे हा ध्रुवीयतेचाच भंग होय. आजार म्हणजे पेशीला आपले कोणते टोक कोणते याचा विसर पडणे, अशी मांडणी त्यातून करता येते. तिचे आकर्षण मोठे आहे, आणि नेमके म्हणूनच ती सावधपणे घ्यावयास हवी. २०१३ मध्ये पोलो यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की २६२ वर फॉस्फेट जोडण्याचे काम अशा स्थितीत एएमपीके हे मार्कचेच एक भावंड विकर करू शकते. हे विकरही एलकेबी-१ च्याच अमलाखालील. मग दोष नेमका कोणाच्या माथी मारायचा?

मानवी अनुवंशशास्त्राकडून मिळणारा पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. अल्झायमरच्या आनुवंशिक जोखमीचे जे मोठे घटक ज्ञात आहेत, त्यांत मार्क कुळाला मानाचे स्थान नाही. २०१५ मध्ये लवकर वयात आजार जडलेल्या एका रुग्णात मार्क-४ मधील नवे उत्परिवर्तन आढळले आणि त्यानंतरच्या प्रयोगांत त्या उत्परिवर्तनामुळे टाऊ साचण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. एका रुग्णावरून नियम बनत नाही. २०२४ मध्ये मार्क-२ मधील बदलांचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो विकासाच्या काळातील दोषाकडे, म्हणजे केम्फ्यूज यांच्या मूळ प्रश्नाच्या अधिक जवळ जातो. प्राण्यांतील एक जनुक काढून परिणाम पाहावा, तर मार्कची चार भावंडे एकमेकांची उणीव काही अंशी भरून काढतात. आणि मार्कला रोखणारे औषध द्यावे, तर ते शरीरभरच्या पेशींची ध्रुवीयता बिघडविण्याचा धोका. पोटातील हेलिकोबॅक्टर जिवाणूचे एक प्रथिन याच पार-१/मार्कला निकामी करून जठराच्या अस्तराची घडी विस्कटते, हे २००७ मध्ये सिद्ध झालेले आहे. निसर्गाने हा प्रयोग आधीच करून ठेवला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

निदानाच्या क्षेत्रात मात्र अलीकडेपर्यंत २६२ या जागेला कोणी विचारत नव्हते. रक्ततपासणीसाठी उपयुक्त ठरल्या त्या टाऊच्या १८१ व २१७ या जागा, आणि २१७ वर आधारित रक्तचाचणीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. या दोन्ही जागा मार्कच्या कार्यक्षेत्रातील नव्हेत. परंतु त्याच वर्षी ‘नेचर मेडिसिन’ मध्ये एक निबंध आला. गुंते बनण्यापूर्वी टाऊचे जे विरघळलेले लहान समूह तयार होतात, त्यांचे निदर्शक म्हणून मेंदूच्या ऊतीत व मस्तिष्क-मेरुद्रवात तपासता येतील अशा दोन जागा त्यात सुचविण्यात आल्या. त्या आहेत सेरीन २६२ आणि सेरीन ३५६.